कडीताईने 'हो' म्हटलं तेव्हा

ऑफिसात तिला कडीताई म्हणत. दार लावलं की ती कडी ओढून पाही, आणि जिन्यापर्यंत जाऊन पुन्हा परत येई. नवरा म्हणायचा, एक दिवस ती कडीच वैतागून तुटेल. अशा बाईला लिफ्टचं सॉफ्टवेअर तपासायचं काम मिळालं यात नवल नव्हतं. संशयावरच तिचं पोट होतं.

लिफ्ट खरोखर पाडून बघत नाहीत. प्रोग्रामपुढे खोटे प्रसंग उभे करतात: दारात कुणी उभं आहे, दोन मजल्यांवर एकदम बटणं दाबली गेली, मध्येच वीज गेली. असा एकेक प्रसंग म्हणजे एकेक टेस्ट. त्या चालवायला एक लायब्ररी लागते, दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेली तयार अवजारं. प्रसंग मात्र तिचे स्वतःचे, डोळ्यांनी पाहिलेले. दाराला पाठ टेकून फोनवर बोलणारा माणूस. बटण दाबून जिन्यानेच निघून गेलेली मुलगी. सगळ्यांत अवघड टेस्ट तिने सासूबाईंवरून लिहिली होती. त्या आधी काठी लिफ्टमध्ये ठेवत, मग थांबत, मागे वळून कुणाशी तरी बोलत, आणि मग कुठे एक पाय आत. त्या फाइलचं नावच 'सासूबाई'. नवा प्रोग्राम आला की लोक विचारत, सासूबाई पास झाल्या का? कडीताई म्हणे, त्यांना कोण नापास करणार, पास तुम्हाला व्हायचंय.

जुन्या लायब्ररीकडे आता तिच्या कर्त्यांनीच पाठ फिरवली होती. टीमचे प्रमुख, वयाने सगळ्यांत लहान म्हणून ज्यांना थोरले म्हणत, त्यांनी सांगितलं होतं की आधी जुनी काढा, मग नवी घाला. दोघी एका घरात नांदायच्या नाहीत. दुपारी तिने मशीनवरची, हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून जुनी लायब्ररी काढण्याची कमांड दिली. मजकूर सरसर वर गेला आणि शेवटी प्रश्न उरला: पुढे जाऊ?

तेवढ्यात घरून फोन आला. सासूबाई विचारत होत्या, आतून कडी लावून घेऊ का. ती म्हणाली, हो. आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने तोच 'हो' मशीनलाही दिला.

लायब्ररी निघाली. यशस्वीरीत्या निघाली, असंही मशीनने कळवलं. मग तिला आठवलं, आपल्या टेस्ट कुठे ठेवल्या होत्या ते.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिच्या टेस्ट कुठेही ठेवल्या तरी लायब्ररीला सापडत नव्हत्या. शेवटी तिने लायब्ररीच्याच फोल्डरमध्ये त्या नेऊन ठेवल्या आणि सगळं सुरळीत झालं. चालतंय ना, मग हात लावायचा नाही. तेव्हापासून नव्या टेस्टही तिथेच जात राहिल्या. ऑफिसच्या सामायिक साठ्यात फक्त प्रोजेक्टचं फोल्डर जायचं. लायब्ररीचं फोल्डर तिथे कधी गेलंच नव्हतं, म्हणजे टेस्टची दुसरी प्रत कुठेच नव्हती. उभा जन्म कड्या ओढून पाहणाऱ्या बाईने आपली सगळी ठेव दुसऱ्याच्या घरात ठेवली होती, आणि ते घर पाडायला स्वतःच हो म्हटलं होतं.

पुसलं जाणं किती हलकं असतं. राख उरत नाही, आवाज होत नाही. ती काठी, ते थांबणं, तो मागे वळलेला चेहरा आता फक्त तिच्या आठवणीत होता, आणि आठवणीवर तिचा कधीच भरवसा नव्हता. जे कुणी तपासलं नाही ते उद्या कुठल्यातरी दारात खरं होणार.

ती उठून थोरल्यांकडे गेली आणि झालं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. हातातला चहा घेऊनच तिच्या टेबलाशी आले.

"खिडकी बंद नाही ना केलीत?"

"नाही."

"मग मजकूर वर सरकवा. 'पुढे जाऊ' विचारण्याआधी मशीन काय सांगत होतं ते वाचू."

तिने वर सरकवलं. दोन मथळे होते. पहिला: हे काढलं जाईल. त्याखाली लायब्ररीचा पसारा. दुसरा: हे काढलं जाणार नाही, बहुधा कुणीतरी हाताने ठेवलेलं आहे. त्याखाली तिच्या फाइली, एकीखाली एक, आणि तळाशी सासूबाई.

लायब्ररीने येताना जे आणलं तेवढंच जाताना नेलं होतं. पण कडीताईला वाचून कसलं समाधान? तिने फोल्डर उघडलं. भिंती गेल्या होत्या, छप्पर गेलं होतं, आणि मोकळ्या जागेत तिचं बिऱ्हाड जसंच्या तसं मांडलेलं होतं. तिने एकेक फाइल उघडून पाहिली. मग खुर्चीत मागे टेकली.

थोरले चहाचा घोट घेत म्हणाले, "सासूबाईंना घराबाहेर काढणं एवढं सोपं असतं होय?"

ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसले.

मग तिने फाइली प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये हलवल्या, साठ्यात जमा केल्या, तिथे पोचल्या का ते पाहिलं, आणि नवी लायब्ररी इन्स्टॉल केली. टेस्ट एकामागून एक पार पडत गेल्या. सासूबाई तेवढ्या अडल्या. नव्या लायब्ररीची थांबायची रीत वेगळी होती. तिने एक ओळ बदलली, आणि त्याही सावकाश आत आल्या.

तिने घरी फोन लावला.

"आई, कडी लावलीत ना?"

"लावली की. ओढूनही पाहिली, तुझ्यासारखी. का गं?"

"काही नाही. तुम्ही आहात ना तिथेच?"

"मी कुठे जाणार?" सासूबाई म्हणाल्या.