बांधाच्या पोटातल्या तीन सऱ्या

माझी नांगरट सरळ असते, हे आमच्या शिवारात कुणालाही विचारा. चाळिशीला टेकल्यावर मी ट्रॅक्टर शिकले. आमच्या ह्यांची नोकरी बारामतीच्या एमआयडीसीत, पाळी कधी कुठली ते त्यांनाच आयत्या वेळी कळायचं. ट्रॅक्टरवाल्यांची मनधरणी करून करून मला वीट आला. एक दिवस म्हटलं, आणा घरचाच, मी चालवते. पहिल्या महिन्यात मी एका लिंबाला धडक दिली आणि शेजारच्या पाइपलाइनीचे दोन तुकडे केले, पण नंतर माझ्या सऱ्या बघायला लासुर्ण्याहून माणसं आली. मी फुशारकी मारतेय असं वाटत असेल, तर बरोबर वाटतंय.

आता न सांगण्यासारखं सांगते. आमच्याकडं बांध कोरायची रीत आहे. रीतच म्हणायची, कारण करतात सगळे आणि कबूल कुणी करत नाही. नांगरताना फाळ बांधाकडं जरा जास्त धरायचा. बांध वीतभर आत जातो, शेत वीतभर वाढतं. पुढच्या वर्षी आणखी वीतभर. कुणी हटकलंच तर कपाळाला हात लावून म्हणायचं, "आवं, पावसानं ढासळलाय त्यो!" पावसाच्या नावावर आमच्या तालुक्यात जेवढी माती खपली तेवढी पावसानं स्वतः कधी वाहून नेली नसेल.

माझ्या रानाला लागून तात्यांचं रान. तात्या सत्तरीचे, घरात एकटेच, सोबतीला तीन म्हशी. मी ट्रॅक्टर आमच्या सामायिक बांधाकडं नुसता वळवला की काठी घेऊन हजर. "ए सूनबाई, फाळ आत घे, आत घे म्हंतो ना!" एकदा तर बांधावर चक्क आडवे झोपले. मी इंजिन बंद केलं आणि म्हटलं, "तात्या, उठा, न्हायतर उसासंगं लावून टाकीन तुमाला." ते म्हणाले, "लाव की. बघू कसा फुटवा येतुया." गावाला फुकटची करमणूक झाली, आणि मी त्या बांधाचा नाद सोडला.

मग मी दुसऱ्या अंगाला वळले. तिकडं ओढ्याचा मोठा बांध. ओढ्याचा पूर रानात आणि वस्तीत शिरू नये म्हणून सासऱ्यांच्या पिढीत सगळ्या गावानं मिळून घातलेला, वरून बैलगाडी जाईल एवढा रुंद. त्याला मालक नाही, म्हणजे भांडायला कुणी नाही. दरसाल वीतभर, कधी हातभर. दहा-बारा वर्षांत तिथं उसाच्या तीन नव्या सऱ्या बसल्या. मी ह्यांना त्या हौसेनं दाखवल्या होत्या. हे म्हणाले, "मापात राहा." मी म्हटलं, "तुमी कंपनीतलं माप बघा."

हाच बांध ओलांडून, माझ्या नव्या सऱ्यांच्या टोकाला, तात्यांच्या म्हशींची ओढ्यावर जायची वाट होती. रोज दुपारी तिघी एकामागं एक डुंबायला जायच्या, आणि मागं तात्या, त्यांच्याशी बोलत. माणसांशी ते भांडत, म्हशींशी बोलत. गेल्या कित्येक वर्षांत त्या वाटेनं बांधाच्या माथ्यावर खोलगट घळ पडली होती.

त्या मे महिन्यात समुद्रात वादळ उठल्याच्या बातम्या आल्या. आम्ही हसलो. समुद्र कुठं, आम्ही कुठं. आमच्याकडं मे महिन्यात पाणी बघायचं तर टँकरचं. पण वादळ किनाऱ्यावर चढलं आणि त्याचं उरलंसुरलं सगळं आमच्याच डोक्यावर येऊन बसलं. तीन दिवस नुसतं कोसळत होतं. चौथ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते आणि बाहेर कुणीतरी ओरडलं, "बांध फुटला!"

पाणी माझ्या उसातून आरपार गेलं आणि थेट तात्यांच्या गोठ्यात. आम्ही पळत पोचलो तेव्हा तात्या छातीभर पाण्यात उभे. दोन म्हशी त्यांनी सोडवल्या होत्या. तिसरी, थोरली, गाभण, आतल्या कोपऱ्यात बांधलेली. भिजून फुगलेल्या दाव्याची गाठ त्यांना सुटेना आणि विळा कुठं वाहून गेला ते सापडेना. आम्ही चौघांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. म्हैस राहिली. त्याबद्दल जास्त लिहायला मला जमणार नाही.

पाणी ओसरल्यावर सगळा गाव बांधावर जमला. खरा पावसाळा दोन-तीन आठवड्यांवर आलेला, त्याआधी बांध उभा राहायलाच हवा होता. अशा वेळी आमचा गाव बघावा. एरवी ग्रामसभेला कोरम भरत नाही, पण त्या दिवशी कुणी ट्रॉली देतो म्हणालं, कुणी डिझेल, कुणी माळावरचा मुरूम. बायकांनी चहापाण्याचा भार उचलला. मी ट्रॅक्टर, ट्रॉली आणि स्वतः, असं तिन्ही देऊन मोकळी झाले. टाळ्यासुद्धा पडल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग कुणीतरी विचारलं, "पण फुटला कशानं?" सरपंचांनी भगदाडाच्या कडेला उरलेल्या अर्ध्या घळीकडं बोट केलं. म्हशींची वाट. दहा तोंडांनी तेच म्हटलं. रोज खूर पडून पडून बांध खचला, तिथंच पाण्यानं वाट काढली. साहेबांनी, म्हणजे बांधाचा आराखडा करून द्यायला आलेल्या इंजिनिअरनी, मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं. ठरलं की नवा बांध सलग घालायचा, वाट कायमची बंद. तात्यांना ओढ्यावर जायचं तर पुलावरून मोठा वळसा. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, रोज.

मी तात्यांकडं पाहिलं. वीतभर मातीसाठी ट्रॅक्टरपुढं झोपणारा माणूस! मला वाटलं, आता होतोय तमाशा. ते एवढंच म्हणाले, "करा बंद. म्या म्हशी काढतो इकून." आणि निघून गेले. मला मनातल्या मनात सुटल्यासारखं वाटलं, आणि कशातून सुटले ते स्वतःला विचारायचं मी टाळलं.

दुसऱ्या दिवशी जळोचीहून चाचा आपला जेसीबी घेऊन आले. चाचांनी आमच्या भागातले निम्मे बांध, शेततळी, पाण्याच्या चाऱ्या खोदलेल्या. मातीवर नजर अशी की ढेकूळ फोडून सांगतील कुठल्या गावचं. नवी माती जुन्या बांधाला घट्ट बसावी म्हणून आधी भगदाडाच्या दोन्ही कडा त्यांनी ताशीव कापून घेतल्या. मग मशीन थांबवलं, खाली उतरले, कापलेल्या कडेजवळ उकिडवे बसले आणि मला हाक मारली.

"वहिनी, जरा हितं या."

बांधाची आतली बाजू उघडी पडली होती. ओढ्याकडून कडा उतरती, जशी जुन्या लोकांनी घातली तशी. माझ्या रानाकडून सरळ उभी, तासलेली. तिच्या पायथ्याशी, बांधाच्या पोटात जिथं नुसती दाबलेली माती असायला हवी तिथं, भुसभुशीत नांगरट आणि उसाची खोडकी. चाचांनी एक खोडकं उपटून माझ्या हातात दिलं.

"पाणी वरनं न्हाय गेलं, कुशीतनं फुटलंय. म्हशींची वाट बघा, खुरांनी तुडवून फरशीवानी झालीय. तेवढंच तर टिकलंय."

"मग? मला काय सांगताय?" मी खेकसले.

"म्या कुठं काय सांगतोय? म्या मातीचं बोलतोय." ते उठले, गुडघे झटकले. "दुपारपातूर ही कड झाकली जाईल. मग कुणाला कायबी दिसायचं न्हाय."

मी ट्रॅक्टरवर बसून दोन खेपा मुरूम आणला. तिसऱ्या खेपेला ह्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. हे म्हणाले, "गप बस. दुपारपातूर तर हाय." माझं टाळकंच फिरलं. "बारा वर्षं मापात राहा म्हंत हुता, आन आता गप बस म्हंताय?" असं म्हणून मी फोन ठेवला. त्यांचा काय दोष होता! मला कुणीतरी गप बस म्हणावं म्हणूनच मी फोन केला होता. कुणी म्हटल्यावर मात्र ते ऐकवेना.

परत बांधाकडं जाताना वाटेत तात्यांचा गोठा लागतो. उरलेल्या दोन म्हशींना त्यांनी चोळून धुतलं होतं. विकायची म्हैस बाजारात न्यायच्या आधी करतात तसं भादरलं होतं आणि आता शिंगांना तेल लावत होते. तोंडानं बोलणं चालू होतं, हळू आवाजात. व्यापाऱ्याचा टेम्पो दुपारी येणार होता. मी ट्रॅक्टर थांबवला नाही, पण त्यानंतर मला मुरूम ओतायचं सुधरेना. ट्रॉली भलत्याच जागी ओतली आणि वर चाचांवरच ओरडले.

मग मी ट्रॅक्टर बंद केला आणि सगळ्यांना हाक मारली. "या रं सगळी हिकडं. ही कड बघा." सरपंच आले, साहेब आले, चहाची किटली घेऊन बायका आल्या. मी ते खोडकं दाखवलं आणि सांगून टाकलं. तीन सऱ्या. दहा-बारा वर्षं. म्हशींचा काही संबंध नाही. आवाज माझा असा चढलेला की कबुली देतेय की भांडतेय ते मलाच कळेना.

आणि गंमत बघा, कुणी एक शब्द बोललं नाही. मी अंगावर घ्यायची तयारी करून उभी, आणि सगळे आपापल्या चपलांकडं बघतायत. का ते माझ्या लक्षात आलं. त्या ओढ्याला ज्याचं ज्याचं रान लागून होतं, त्याच्या त्याच्या फाळाला त्या बांधाची माती होती. शेवटी सरपंच खाकरले आणि म्हणाले, "बरं बरं, कामाला लागा." साहेबांनी मात्र वही उघडली. बांधाचा पाया मूळ रुंदीचा धरायचा म्हणाले. म्हशींची वाट बंद करायचं कारण नाही, दोन्ही अंगांनी दगड लावून उतार करता येतो, तसा कुठंही करतात, असंही म्हणाले.

मी कोयता घेतला आणि उभ्या उसात शिरले. तीन सऱ्या मीच तोडल्या, चौथीही तोडली, कारण पाया रुंद लागतो आणि हात थांबत नव्हता. चाचांना म्हटलं, "बांधाचा पाया हितनं धरा." आणि तशीच, उसाच्या पात्यांनी हात चिरलेली, तात्यांच्या गोठ्यावर गेले.

मी दारातूनच सुरुवात केली, कारण थांबले असते तर परत फिरले असते. "तात्या, टेम्पो माघारी धाडा. वाट बंद व्हायची न्हाय. बांध म्हशींनी मोडला न्हाय, म्या कोरून कोरून मोडला. समद्यांम्होरं सांगून आले." आणि त्यांच्या शिव्या ऐकायला उभी राहिले. त्यांना शिव्या सुंदर येतात. मला त्या हव्याच होत्या.

तात्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली. "परत सांग," म्हणाले.

मी परत सांगितलं.

"म्हंजी पाणी आमच्या वाटंनं न्हाय आलं?"

"न्हाय, तात्या."

"मग थोरली... ती माझ्या पायी न्हाय गेली?"

तेव्हा मला कळलं की हा माणूस बैठकीत गप्प का राहिला, म्हशी विकायला का निघाला. पूर आल्यापासून तो एवढ्याच एका गोष्टीपाशी बसून होता.

"न्हाय," मी म्हटलं. "ती माझ्या पायी गेली."

ते त्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ते आतल्या कोपऱ्यात गेले, रिकाम्या जागेत खाली बसले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. बऱ्याच वेळानं मुंडाशानं तोंड पुसलं, माझ्यासमोर दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "लई उपकार झालं गं पोरी तुझं."