बाजेवरून दिसलेली गाडी

गाडी घरी येऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा माझा पाय मोडला.

मी शेतमोजणीचं खासगी काम करतो. बाभुळगावच्या आसपासच्या खेड्यांत भावाभावांची वाटणी निघाली किंवा धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण पेटलं, की मला बोलावणं येतं. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीच्या पांदणीच्या शेतवाटेतून साधी मोटारसायकल जातच नाही. चाक आणि मडगार्डच्या मधे चिखल असा घट्ट बसतो की चाक फिरायचं बंद होतं. मग काडीनं कोरत बसा. म्हणून मला तशी गाडी हवी होती. उंच, मडगार्ड चाकापासून वीतभर वर, टायरला जाड बटणं, डांबरावरही चालेल आणि वावरातही. कंपनीनं ते मॉडेल केव्हाच बंद केलं होतं. यवतमाळात एका घराच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली मला सापडली. चालू नव्हती. टेम्पोत टाकून आणली आणि आंगणातल्या टिनाच्या शेडमधे लावली. ही गाडी मी माझ्या हातानं उभी करणार होतो. त्यासाठी रोज मोबाईलवर व्हिडिओ पाहत होतो.

आणि मग एका मोजणीत धुऱ्यावरून घसरून नाल्यात पडलो. नडगीचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर. ओसरीत बाज टाकली, तिच्यावर मी. समोर आंगण, आंगणापलीकडे शेड, शेडमधे ताडपत्रीखाली माझी गाडी. बघायचं फक्त.

घरात आम्ही तिघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. वडील, मी आणि माझी बायको. लग्नाला दोन वर्षं झाली होती. ती आर्णीची, शिंप्याची मुलगी. शिलाई मशीन खोलून, तेल घालून पुन्हा जोडणं तिला लहानपणापासून येत होतं. बारीक स्क्रू तिच्या बोटांतून कधी निसटत नाही.

वडिलांबद्दल काय सांगू? माझ्याशी ते कामापुरतं बोलत. "जेवला काय?" "पाणी आलं काय?" संपलं. लहानपणी आमच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं. ते इंजिन खोलून बसले की मी पळत जायचो. "सरक तिकडे. हात चेंगरन," एवढंच ऐकायला मिळायचं. एकदा पान्याला हात लावला म्हणून पाठीत असा धपाटा बसला की श्वास अडकला. त्यानंतर मी विहिरीवर जाणं सोडलं. त्यांनीही कधी बोलावलं नाही.

सुरुवात कोंबड्यांमुळे झाली. त्या ताडपत्रीत शिरून गाडीच्या सीटवर बसायला लागल्या. बायको हाकलायला गेली, घाण दिसली म्हणून बादलीभर पाणी घेऊन गाडी धुवायला लागली. वडील वावरातून आले होते. खांबाला टेकून पाहत उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतील.

"मामाजी, हे नळी कायची हाये?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"पेट्रोलची. वास घे बरं."

"इश्श! हे पेट्रोल हाये का थिनर?"

"सडलं थे," वडील म्हणाले आणि खाली बसले. "टाकी खोला लागते. जाय, कपाटातून पाने आन."

ती पळत आली, माझ्या बाजेजवळून कपाटाकडे गेली, माझे नवे पाने घेऊन पळत परत गेली. मला एका शब्दानं विचारलं नाही. मला तर बरंच वाटलं म्हणा त्या दिवशी. गाडीचं काम होतंय, काय वाईट आहे? रात्री ती म्हणाली, "मामाजींना किती माहीत हाये हो!" तेव्हाही मी हसलो.

दुसऱ्या दिवशीपासून हसू जरा कमी झालं.

दुपारची जेवणं झाली की दोघं शेडमधे. वडिलांनी बनियन घातलेलं, तिनं जुन्या सलवारीवर माझा शर्ट. एक एक भाग खोलून फडक्यावर ओळीनं मांडत. कुठला बोल्ट कुठला, हे तिनं खडूनं जमिनीवर लिहून ठेवायला सुरुवात केली तेव्हा वडील म्हणाले, "हुशार हायेस तू." मी पदवी घेऊन आलो होतो तेव्हा त्यांनी "बरं झालं" म्हटलं होतं.

टाकीत गंज होता. व्हिडिओत मी पाहिलं होतं तसं मी बाजेवरून ओरडून सांगितलं, "बारीक गिट्टी टाका, डिझेल टाका अन् हलवा!" त्यांनी तसंच केलं. टाकीला पोत्यात गुंडाळलं, एका टोकाला ती, एका टोकाला ते, आणि हलवायला लागले. खडखड खडखड सगळ्या गल्लीत आवाज. मधेच वडील म्हणाले, "हळू वं पोरी, लोणी निघाल्याबिगर राह्यत नाही आज." ती खाली बसून हसायला लागली. आणि वडीलही हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मी त्यांचं असं हसणं आई असतानाही ऐकलं नव्हतं. बाजेवर उठून बसलो आणि मान वळवून पाहत राहिलो. गिट्टीचा सल्ला माझा, गाडी माझी, वडील माझे, बायको माझी. आणि त्या शेडमधे जे काही चाललं होतं त्यात मी कुठंच नव्हतो. कुणावर जळत होतो तेसुद्धा धड कळेना. बायकोवर, की वडिलांवर?

मग मी आडवं बोलायला लागलो. चहा थंड आहे. उशी सरकली. "गाडीपुढे माणूस दिसते काय तुले?" ती दोन-तीन दिवस ऐकून घेत राहिली. एक दिवस तेलकट हातांनी माझ्यासाठी पाणी आणलं, तांब्यावर काळी बोटं उमटलेली, तेव्हा मी म्हणालो, "गाडी माझी हाये. माझा पाय बरा झाल्यावर मी करीन. कोणी सांगितलं तुम्हाले?"

तिनं तांब्या खाली ठेवला. "तुमची हाये तं हाये. कोण नेऊन राह्यलं? पण तुमाले गाडीचा राग नाही आला. मामाजी माह्याशी बोलतात, त्याचा राग आला."

मी तांब्या उचलून पाणी प्यायलो.

"मी इचारते, म्हून ते सांगतात," ती म्हणाली. "तुमी कधी इचारलं काय?"

"इचारत होतो. पाठीत धपाटा भेटायचा."

ती बाजेच्या कडेला बसली. "काकाजींची बोटं कशी गेली, माहीत हाये तुमाले?"

माझ्या काकांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. कडबा कुट्टीच्या यंत्रात गेली, असं मी जन्मभर ऐकत आलो होतो. तसं सांगितलं.

"कुट्टीत नाही. इंजिनच्या पट्ट्यात. काकाजी पट्टा चढवून राह्यले होते अन् मामाजींनं न पाहता हँडल मारलं. लहान होते तवा. घरात कोणालेच खरं नाही सांगितलं. काकाजीनंच कुट्टीचं नाव घेतलं, भावाले मार बसू नये म्हून." तिनं हात शर्टाला पुसले. "म्हून तुमाले इंजिनजोळ येऊ देत नव्हते. पोट्टं जवळ आलं की हातपाय लटलट कापायचे म्हणे त्यायचे."

"तुले कधी सांगितलं हे?"

"टाकी हलवून राह्यलो होतो ना, त्या दिवशी. हसून झाल्यावर."

खरं म्हणजे हे ऐकून माझं मन हलकं व्हायला हवं होतं. वडिलांची दया यायला हवी होती, आणि ती आलीही, पण नंतर, उशिरा. आधी आला तो नुसता संताप. माझ्याच घरातली, माझ्याच पाठीवरच्या धपाट्याची गोष्ट मला बायकोकडून कळावी! तीस वर्षं ज्या माणसाबरोबर राहिलो, त्यानं ती दोन वर्षांपूर्वी घरात आलेल्या पोरीला सांगितली. मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. प्लास्टरमुळे तेही धड जमलं नाही.

दोन-तीन दिवसांनी ती पुढच्या शॉकअपचं ऑइल सील आणायला एसटीनं यवतमाळला गेली. जुनं सील पिशवीत नमुन्याला घेतलं होतं. घरी आम्ही दोघंच. वडील शेडमधे नुसते बसून होते. मी ठरवलं, आज विचारायचं.

"बाबा," मी हाक मारली, "कार्बोरेटर इकडे आणता काय? मी साफ करतो. बसल्या बसल्या होते."

ते आले. हातात कार्बोरेटर होता. माझ्यासमोर धरला, उलटसुलट फिरवला. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "थे आली की पाहू."

आणि परत शेडमधे गेले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. ती आली की पाहू. बस. पण त्या चार शब्दांनी मला जेवढं लागलं तेवढं पडून हाड मोडल्यावरही लागलं नव्हतं. संध्याकाळी ती सील घेऊन आली. वडील फाटकापर्यंत गेले तिला घ्यायला. "भेटलं काय?" "भेटलं मामाजी! तिसऱ्या दुकानात भेटलं." दोघं तिथंच उभं राहून ते रबराचं कडं उजेडात धरून पाहू लागले, नवरीचा दागिना पाहावा तसं.

गाडी सगळी जोडून झाली तेव्हा सुरू होईना. किक मारली की फर्रफर्र करायची, अ‍ॅक्सिलरेटर दिला की बंद. वडिलांनी प्लग बदलला. तरी तेच. दोघांचे चेहरे उतरले. मला खोटं सांगता येणार नाही, मला आतून थोडं बरं वाटलं.

पण मग राहवलं नाही. ओरडलो, "कार्बोरेटरातलं बारकं जेट पुन्हा काढा. भोक बुजलं असन. वायरीतली एक तार काढून घाला त्यात!"

तिनं दिव्याच्या वायरीतून तांब्याची एक तार सोडवली. केसासारखी. जेट उजेडाला धरून तार आरपार घातली. पुन्हा जोडलं. वडिलांनी किक मारली, एकदा, दुसऱ्यांदा, आणि गाडी पेटली. पांढरा धूर सगळ्या आंगणात, कोंबड्या उडाल्या, शेजारचे लोक कुंपणाशी आले.

"बाई," वडील धुरातून ओरडले, "तुया हाताले यश हाये!"

मी बाजेवर बसून टाळ्या वाजवल्या. काय करणार? ती माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती, बहुतेक माझंच नाव घेत होती, पण इंजिनच्या आवाजात वडिलांना ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाडी चालवली. स्कूटी तिला येत होती, पण ही गाडी उंच. पाय जमिनीला पुरेनात, म्हणून ओट्याच्या पायरीला गाडी लावून चढली. मला बाज फाटकाशी आणून दिली होती. समोर सरळ पांदण, कडेला कपाशी. ती निघाली आणि वडील तिच्यामागे धावायला लागले. सीटमागची दांडी धरून, धोतर एका हातानं आवरत. "क्लच हळू! हळू सोड! पाह्य पुढे!" मी सायकल शिकलो ती मित्राच्या मागे बसून, गुडघे फोडून. माझ्यामागे कोणी धावलं नव्हतं. आणि आता पासष्टीचा माणूस चपला सुटल्या तरी थांबत नव्हता. पुढे त्यांनी दांडी सोडली. गाडी गेली. ते कंबरेवर हात ठेवून धापा टाकत उभे राहिले, आणि त्यांची पाठ माझ्याकडे होती, तरी ते हसत आहेत हे मला कळलं.

माझं प्लास्टर निघालं तेव्हा गुडघा वाकेना. गाडीवर बसून पाहिलं, किक मारायचा पाय तोच. जमलं नाही. मग मोजणीची कामं आली की ती मला मागे बसवून न्यायची. गावोगावचे लोक पाहायचे. मी मोजणीच्या मशीनचा ट्रायपॉड मांडीवर आडवा धरून बसायचो आणि तिच्या खांद्यावरून रस्ता पाहायचो. तिला खड्डे चुकवता येतात, हे कबूल करायला मला जड जायचं.

दिवाळीनंतर तिला माहेरी जायचं होतं. "मामाजी, चलता काय आर्णीले? गाडीनं जाऊ." मी म्हणालो, म्हाताऱ्या माणसाला एवढं लांब कशाला? वडील तोवर टोपी घालून तयार होते. मला गुडघ्याच्या व्यायामाला घरीच थांबायचं होतं. दिवसभर मी फाटकाकडे पाहत बसलो. गाडी रस्त्यात बंद पडावी असं एकदा मनात येऊन गेलं. लगेच घाबरलो आणि देवाला नमस्कार केला.

अंधार पडता पडता आले. ती आत गेली. वडील धुळीनं पांढरे झालेले, येऊन माझ्या बाजेवर बसले. माझ्या बाजेवर ते कधी बसत नसत.

"कशी गेली?" मी विचारलं.

"मस्त. यवतमाळच्या पुढे काय रस्ता झाला बाप्पा!"

"अन् घाटात?"

मग ते सांगायला लागले. मी विचारत गेलो, ते सांगत गेले. तिच्या वडिलांनी जुनी शिलाई मशीन काढून दाखवली, दोघा म्हाताऱ्यांनी मिळून ती खोलली, तिच्या आईनं डोक्याला हात लावला. चहा कुठं घेतला. उतारावर पुढचा ब्रेक कसा किंचाळत होता.

"कायले करते तसं?" त्यांनी मला विचारलं. मला.

"पॅड गुळगुळीत झाले असतील. पॉलिश पेपर मारा लागते."

"असं?" त्यांनी टोपी काढून धूळ झटकली. "उद्या खोलू."

"कोण?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू काय येड्यासारखं विचारतो. "आपण. चाक पकडाले माणूस लागते ना."

दुसऱ्या दिवशी मी काठी टेकत शेडमधे गेलो आणि उलट्या बादलीवर बसून चाक धरलं. वडिलांनी पाना उचलला आणि आधी तिच्याच हातात दिला. मला पुन्हा झोंबलं. पण मी चाक सोडलं नाही.