नसलेल्या कर्जाचे हप्ते

मंठ्याच्या पोस्टात मी एकवीस वर्षं काउंटरवर बसतोय. स्वभाव तापट. फॉर्म अर्धवट भरून आणणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं, आणि न मागता सल्ला द्यायची खोड तर जन्माची. या खोडीपायी मी एका भल्या माणसाला अडकवून ठेवलं, त्याची ही हकिगत.

तो माणूस म्हणजे नागसेन. इथल्या ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर. मूळचा भोकरदनकडच्या केदारखेड्याचा. घराण्यात पगाराची नोकरी लागलेला हा पहिलाच, त्यामुळे पगार एकट्याचा आणि हक्क सगळ्यांचा. एक तारीख उजाडली की फोन सुरू. सोनूबाई मावशीचा गुडघा, चुलतभावाची मोटर, कोणाचं लग्न, कोणाचं बारसं. नागसेनला 'नाही' म्हणता येत नव्हतं. दहा तारखेनंतर तोच उसने मागत फिरायचा.

एकदा त्याची मुलगी भावना तापाने फणफणली. डॉक्टरांनी जालन्याला हलवायला सांगितलं, आणि या गृहस्थाच्या खिशात एकशे चाळीस रुपये. तो माझ्याकडे आला. मी तीन हजार दिले आणि वर शिव्याही दिल्या.

"पोरगी आजारी आन् तू दुनियेचे गुडघे दुरुस्त करून राह्यला? दर महिन्याला थोडे बाजूला टाकत जाय की!"

"टाकले होते, राधेश्यामभाऊ," तो म्हणाला. "चार-पाच हजार साठले की कोणाला तरी पत्ता लागतोच. मंग म्हणतात, तुझ्याकडं पडूनच तर हायेत."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्याकडे शिल्लक म्हटली की ती सगळ्यांची, आणि हप्ता म्हटला की तो एकट्याचा. साठवतोय म्हणणाऱ्याला लोक कंजूष म्हणतात, कर्ज फेडतोय म्हणणाऱ्याला बिचारा म्हणतात. भावना बरी होऊन घरी आली तेव्हा मी अतिशहाण्याने तोडगा काढला.

"महिन्याला सहा हजारांची आरडी काढ, पाच वर्षांची. पगार झाला की आधी हप्ता, मंग बाकीचा खर्चा. भावना आत्ता आठवीत गेली. बारावी व्हईल तवा सव्वाचार लाखाच्या वर हातात येतील. आन् कोणी पैसे मांगितले, तर सांग, मित्राला जामीन राह्यलो होतो, तो पळून गेला, आता पतसंस्था त्याचं कर्ज माझ्या पगारातून कापून राह्यली."

"कोणता मित्र?"

"ठेव काही बी नाव. संपत म्हण."

जुलैत पहिला हप्ता भरला. दोन महिन्यांत फोन निम्म्यावर आले. केदारखेड्यात त्या संपतला ज्या शिव्या बसल्या, त्या ऐकून मला हसू आवरेना. सोनूबाई मावशी म्हणे रोज सकाळी चूल पेटवताना त्याचं नाव घेऊन बोटं मोडायची. नागसेनचा पुतण्या प्रेम तर त्याला शोधून आणायला निघाला होता. मी काउंटरवर छाती फुगवून बसायचो. नागसेनच्या लेकीची सोय झाली, आणि ती माझ्या डोक्यातून झाली!

हसू पुढच्या वर्षी ऑगस्टात जिरलं. प्रेमला खाजगी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनला जागा मिळाली होती, बावीस हजार कमी पडत होते. मागायला आला तो प्रेमचा बाप, नागसेनचा थोरला भाऊ कडूबा. हा कडूबा गवंडी. नववीतून शाळा सोडून त्याने थापी धरली आणि शनिवारच्या मजुरीतून नागसेनला जालन्यात ठेवून शिकवलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो धाकट्याकडे काही मागत होता. नागसेनने मान खाली घालून सांगितलं, "दादा, संपतचं कर्ज..."

"आसू दे, आसू दे," कडूबाच ओशाळला. "तुझाच जीव टांगणीला हाय, म्या उगंच तुला तरास दिला."

प्रेम जालन्याच्या एका सळईच्या कारखान्यात भट्टीवर मजुरीला लागला. मी नागसेनला म्हटलं, अरे, आरडीतून अर्धे पैसे काढता आले असते. तो म्हणाला, "काढले असते. पण कर्जात बुडालेला माणूस बावीस हजार आणल कुठून, ते सांगा." सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणतात. कर्जाचं मात्र आणता येतं, आणि एकदा आणलं की ते उतरवता येत नाही.

तिथून पुढे ते दोघं नवरा-बायको त्या सोंगातच राहिले. पत्रे गळायचे, बदलता येत नव्हते. कॉलेजला जायला सायकलच. ज्योत्स्नाने, म्हणजे त्याच्या बायकोने, शिवणकाम करून जुना फ्रिज घेतला, तर गावाकडचं माणूस आलं की तो घरमालकाचा आहे म्हणून सांगायचं. कडूबा त्यातलं गार पाणी पिऊन म्हणाला होता, "मालक चांगला भेटला तुमाला." आरडीचं पासबुक नागसेन प्रयोगशाळेतल्या कपाटात ॲसिडच्या बाटल्यांमागे ठेवायचा, कारण तिथे हात घालायला कोणी धजत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता तो. खरं सांगावं तर चार वर्षांचा खोटेपणा उघडा पडणार, न सांगावं तर दादाचं तोंड बघवत नाही. मी आपला म्हणायचो, थोडेच हप्ते राहिलेत, निघून जातील.

सहा हप्ते उरले असताना, जानेवारीतल्या एका सकाळी नागसेन पोस्टात आला. चेहरा पांढराफटक. मागे कडूबा, हातात कापडी पिशवी.

"राधेश्यामभाऊ, त्या पतसंस्थेचा मॅनेजर तुमच्या ओळखीचा हाय म्हणतो नागू," कडूबा म्हणाला. "जरा व्याज सोडायला सांगा. छत्तीस हजार आणलेत." त्याने पिशवीतून रुमालात बांधलेल्या नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. अठरा गवंड्यांची भिशी होती, महिन्याला दोन हजार. याने मुद्दाम शेवटचा नंबर घेतला होता, म्हणजे मध्येच खर्च व्हायला नको. पतसंस्थेत लागतील म्हणून आधारकार्ड आणि दोन फोटोही आणले होते. "दुसऱ्याच्या पापात माह्या भावाची जिंदगी चालली. थोडं तरी हलकं व्हईल."

नागसेन माझ्याकडे बघत होता. अजून एक खोटं मागत होता माझ्याकडे. आणि माझ्याकडे ते तयारही होतं, मॅनेजर रजेवर आहे म्हणायचं. पण सिमेंटने खाल्लेली कडूबाची बोटं त्या रुमालावर होती. मला माझीच लाज वाटली, आणि ते खोटं मी गिळलं.

हप्त्याची तारीख असल्यामुळे पासबुक नागसेनच्या खिशातच होतं. त्याने ते काढून भावापुढे ठेवलं.

कडूबाने सावकाश वाचलं. "इथं तर जमा लिहेलं हाय."

"दादा, संपत न्हाईच कोणी. हे पैसे भावनाच्या नर्सिंगसाठी ठेवून राह्यलो."

कडूबाने बोट ओलं करून पानं मागे उलटली. ऑगस्टपाशी थांबला. "प्रेमच्या वक्ताला ह्याच्यात चौऱ्याऐंशी हजार व्हते?"

"व्हते."

"ही अक्कल माझी," मी म्हणालो. "शिव्या द्यायच्या तर मला द्या."

"शिव्या कशाला? पोरीसाठी ठेवले, बराबर केलं." त्याने पासबुक मिटून नागसेनच्या हातात दिलं. "फक्त मला खरं सांगायला पायजे होतं, नागू. म्या मांगितलेच नसते."

नागसेन तिथेच, रांगेतल्या चार माणसांसमोर, रडायला लागला. कडूबाने नोटा पुन्हा रुमालात बांधल्या. "घरी सांगतो, पतसंस्था अर्धे पैसे घेत न्हाई. गावात सांगतो, कर्ज अजून बाकी हाय. न्हाईतर तुझे फोन परत सुरू व्हतील." ज्या माणसाने जन्मात खोटं सांगितलं नव्हतं, त्यालाही आम्ही आमच्यात ओढलं.

"दादा, जेवून जाय."

"गाडी हाय माझी," कडूबा म्हणाला. गाडी एकची होती, आणि तेव्हा घड्याळात अकरा वाजले होते. भावाकडे येऊन तो न जेवता गेला, असं पहिल्यांदाच झालं.

जुलैत आरडी पुरी झाली. भावना छत्रपती संभाजीनगरला नर्सिंगला गेली. पोरगी हुशार आहे, आणि तिची फी वेळेवर भरली जाते, याचा मला आजही आनंद वाटतो. आरडीचे पैसे हातात आले त्याच दिवशी नागसेनने बावीस हजार वेगळे काढून पाकिटात घातले आणि केदारखेडा गाठलं. कडूबाने पाकीट उघडलंसुद्धा नाही. "आता कशाला? प्रेम भट्टीवर मिस्त्री झाला. पोरीला लागतील, ठेव." चहा मात्र दिला. पाहुण्याला देतात तसा, कपबशीत.

ते पाकीट नागसेनने पासबुकाच्या जागी, ॲसिडच्या बाटल्यांमागे ठेवून दिलं. वर्ष झालं. खर्च करत नाही, जमाही करत नाही. परवा न राहवून मी त्याला झापलं, की रोख रकमेला बुरशी लागते, व्याज लागत नाही, निदान मुदत ठेव तरी काढ. त्याने मुकाट्याने फॉर्म घेतला, रक्कम लिहिली, तारीख लिहिली आणि थांबला.

"नाव कोणाचं टाकू, भाऊ?"

एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला सल्ला सुचला नाही. तो फॉर्म तसाच ठेवून निघून गेला. अर्धवट फॉर्म मी कोणाचा ठेवून घेत नाही. हा मात्र माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.