सहा तासांनी चुकलेला धोंडा

आमच्या वाकोल्याच्या चाळीत कुणाकडे शिलाई मशीन आलं, कुणाचा पोरगा दहावीला बसला, की लोक आधी सहदेव परबला बोलवायचे आणि मग पेढे आणायचे. कारण गाऱ्हाणं. मालवणकडच्या मंडळींना देवाशी बोलायला मध्ये एक माणूस लागतो. तो मोठ्यानं मागणं मागतो आणि बाकीचे मान खाली घालून प्रत्येक मागण्यामागे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गिरणी बंद पडल्यापासून सहदेव एका कारखान्यावर वॉचमन होता, पण चाळीला तो ठाऊक होता तो आवाजामुळे. खालच्या नळापाशी बोलला तरी दुसऱ्या माळ्यावरच्या माणसाला स्वच्छ ऐकू यायचं.

मी फलटणकडचा, बौद्ध, टेलिफोन खात्यातला. आमच्या घरात ना देव, ना गाऱ्हाणं. पण सहदेवची आणि माझी खोली भिंतीला भिंत लागून, आणि सकाळचा पेपर दोघांत एक. मी त्याला देवाचा वकील म्हणायचो. तो हसून म्हणायचा, “वकील खरो रे रतन, पण निकाल कधी हातात गावाक नाय.”

एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत त्याची मालन गेली. एकोणीस वर्षांची, एकुलती एक, टायपिंगच्या क्लासला जाणारी. सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. सहदेवला गोरेगावला जायचं होतं, त्याच्या गाववाल्यानं दुकान काढलं होतं आणि गाऱ्हाण्याशिवाय शटर उघडायचं नाही म्हणून तो अडून बसला होता. “ओवा खा, मी दोपारपर्यंत इलंय,” असं मालनला सांगून सहदेव गेला. तिथे जेवायला ठेवून घेतलं. तो परतला तेव्हा दिवेलागण झाली होती आणि पोरगी तापानं बडबडत होती. नवरा येतो म्हणालाय म्हणून शेवंतीवहिनी दिवसभर वाट बघत बसलेल्या. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात सगळं संपलं. अपेंडिक्स फुटलं होतं. “सकाळी आणली असती तर...” एवढंच बोलून डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे वळले.

पुढच्याच महिन्यात होळी. सहदेव बाहेर येणार नाही असं मी धरूनच चाललो होतो. पण आमच्या मंडळाचा अध्यक्ष दत्ताराम म्हणजे एकदा धरलं की न सोडणारा माणूस. तो दारात येऊन म्हणाला, “सुतक फिटलं ना? गाऱ्हाणं चाळीचं आहे, तुझ्या घरचं नाही.” मला असा राग आला की त्याला जिन्यावरून खाली ढकलावंसं वाटलं. सहदेव मात्र मुकाट्यानं उठला. होळी पेटली, आणि त्याचा तो आवाज घुमला: “ह्या चाळीवर जा काय संकट येत असात, ता साता समुद्रापलीकडे टाक रे म्हाराजा!” सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. मी माझ्या दारातूनच बघत होतो.

एप्रिलमध्ये पेपरात बातमी आली. अर्ध्या मैलाचा एक लघुग्रह मार्चमध्ये पृथ्वीजवळून गेला होता. जवळून म्हणजे चंद्राच्या जवळजवळ दुप्पट अंतरावरून, पण शास्त्रज्ञांच्या हिशेबी ते घासून गेल्यासारखंच. तो गेला त्या जागी सहा तास आधी आपली पृथ्वी होती. आणि कुणाला पत्ताही नाही! तो दिसला आठवड्यानंतर, पाठमोरा. तारीख बघितली तर होळीनंतर दोन दिवसांच्या आतली.

दोन महिने सहदेवच्या तोंडावरची माशी हलली नव्हती. त्याला जरा हसवावं म्हणून मी गॅलरीत उभं राहून पेपर मोठ्यानं वाचला आणि वर म्हणालो, “बघ, तुझ्या गाऱ्हाण्यानं धोंडा परतवला!”

तो हसला नाही. पण दत्तारामनं ऐकलं. आमच्या चाळीत थट्टा तळमजल्यापर्यंत पोचेतो खरी होते. संध्याकाळपर्यंत बायका सहदेवच्या पाया पडायला लागल्या, आणि एक मेच्या सत्यनारायणाला मंडळातर्फे त्याचा सत्कार ठरला. ही वाट मी लावली. दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकायची सोय नाही.

त्या रविवारी तो माझ्याकडे आला आणि उभ्या उभ्याच विचारलं, “रतन, तो धोंडो परत कधी येतलो?”

मला वाटलं, घाबरलाय बिचारा. मी त्याला स्टुलावर बसवलं आणि समजूत घालायला लागलो. आकाश केवढं मोठं, धोंडा केवढा लहान, आपल्या हयातीत काही होत नाही, निर्धास्त रहा. मी जितका धीर देत गेलो तितका त्याचा चेहरा पडत गेला.

“म्हणजे नायच येवचो?”

“नाही रे. कशाला घाबरतोस?”

“तुका काय वाटता, मी घाबरलंय?” तो म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. “होळयेक तोंडान मी चाळीचा मागी होतंय. पोटात येगळाच होता. म्हटलंय, म्हाराजा, काय ता एकदाच घाल आमच्यार. सगळा संपव. कोण उरूक नको.” मग स्टुलावरून उठत म्हणाला, “आणि तेना धोंडो धाडलोही होतो रे. थोडक्यात चुकलो. जगाक सहा तास गावले. माझ्या चेडवाक, मालनेक, एक तास गावलो नाय.”

विज्ञानाचं एक वाक्य मला आठवेना.

जाताना तो एवढंच म्हणाला, “ता शाल-नारळाचा तेवढा बंद कर. मी उभो रवाचंय नाय.”

मी त्याला शब्द दिला आणि दत्तारामकडे गेलो. तो म्हणाला, “पत्रिका वाटून झाल्या, यार! नगरसेवक येतायत. तुला काय प्रॉब्लेम आहे?” खरं कारण मला सांगता येईना. सहदेवनं चाळीचं वाटोळं मागितलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार? त्याला बरं नाही, म्हणालो. “मग तर गाऱ्हाणं घालायलाच पाहिजे,” दत्ताराम म्हणाला. मी आणखी भांडायला हवं होतं. नाही भांडलो.

एक मेला दोघा पोरांनी त्याला दंडाला धरून खाली आणलं. शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला. नगरसेवकानं भाषणात अमेरिकेच्या शास्त्रज्ञांना दोन टोमणे मारले आणि टाळ्या घेतल्या. सहदेवनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान वळवली. मग दत्तारामनं माईक त्याच्या तोंडासमोर धरला. सवयीप्रमाणे दीडदोनशे माणसांनी माना खाली घातल्या आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा,” सहदेवनं सुरुवात केली. तोच खणखणीत आवाज. “तुझी लेकरा तुझ्या पायाशी जमली हत.”

“व्हय म्हाराजा!”

“होळयेक तू जो धोंडो धाडललंस, तो चुकलो.”

“व्हय म्हाराजा!”

“तो परत धाड. ह्या खेपेक चुकूक देव नको. आमच्यापैकी एकवय उरूक नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” दीडदोनशे तोंडं एका सुरात म्हणाली. लहान पोरंसुद्धा.

मग एकेक मान वर यायला लागली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी पोरगं उचलून कडेवर घेतलं. “माणूस दुःखात आहे, चुकून बोलला,” असं काहीतरी दत्ताराम माईकमध्ये म्हणाला आणि प्रसाद वाटायला सांगून मोकळा झाला. रांग लागली. सहदेव शाल अंगावर घेऊन तिथेच उभा होता.

मी त्याला घरी न्यायला म्हणून पुढे झालो. सगळ्यांचे हात केव्हाच सुटले होते. खांबापाशी उभ्या असलेल्या शेवंतीवहिनींचे तेवढे अजून जोडलेले होते, आणि डोळे मिटलेले. मी हाक मारली, तर मान न वळवता हळूच म्हणाल्या, “थांबा, रतनभावोजी. माझा अजून मागून झाला नाय.”