काट्यावरचे दोन पडदे

नागपूरचा दुकानदार "मॅडम, आँख बंद करके ले जाओ" असं म्हणाला आणि तिथेच त्या वस्तूवरचा माझा विश्वास उडाला. डोळे मिटूनच न्यायची असती, तर आर्वीहून तीन तास एस.टी.त धक्के खात मी कशाला आले असते? दिसायला वस्तू झकास होती. टेबलाच्या कडेला पकडीने आवळायची, वर चकचकीत दांडा, दांड्याला दोन हात आणि प्रत्येक हातावर एक मॉनिटर. हात वर करा, खाली करा, म्हणाल तिथे थांबणार. मी एक हात वर करून सोडला. थांबला. मग मी त्याच्यावर माझी पर्स अडकवली. पर्स हळूहळू खाली आली. दुकानदार म्हणाला, ही पर्स लटकवायची चीज नाही. मी म्हटलं, मॉनिटर काय माझ्या पर्सपेक्षा हलका असतो? तो हसला नाही आणि मी ती वस्तू घेतली नाही.

मी मुळातच संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरचा धंदाच तसा होता. आर्वीच्या बाहेर, रस्त्याला लागून, आमचा धरमकाटा होता. मालाने भरलेला ट्रॅक्टर नाहीतर मेटॅडोर काट्यावर उभा करायचा, वजन घ्यायचं. माल उतरवून आला की रिकाम्याचं वजन घ्यायचं. वजाबाकी उरेल तो माल. काम एवढंच. पण या एका वजाबाकीवर जेवढा संशय घेतला जातो, तेवढा नवरा-बायकोही एकमेकांवर घेत नसतील. शेतकऱ्याला वाटतं कमी भरलं, व्यापाऱ्याला वाटतं जास्त भरलं, आणि दोघांनाही वाटतं की काटेवाला दुसऱ्याला सामील आहे.

नव्वदच्या दशकात आमचा काटा दांडीचा होता. खोलीत लोखंडी दांडी, तिच्यावर सरकणारं वजन. ज्याला बघायचं तो आत येऊन बघू शकत असे. दांडी सरळ झाली की बाबा दोन पावलं मागे सरकायचे आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. आपला हात कुठेच लागलेला नाही, हे समोरच्याला दिसावं म्हणून. मग आकडा मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय." त्यांचं "बराबर हाय" आर्वीपासून आष्टीपर्यंत चालायचं. त्यावर पुन्हा कुणी काही विचारत नसे.

त्याच काट्यावर मी एकदा घाण केली. कॉलेजात होते. बाबा जेवायला घरी गेले होते, मी बसले होते. एक ट्रॅक्टर सरकी उतरवून रिकामा परत आला. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि रिकामं वजन घ्यायचं म्हणजे दांडीशी पुन्हा झटापट. तोच ट्रॅक्टर आदल्या दिवशीही आला होता. मी कालच्या चिठ्ठीवरचं रिकामं वजन आजच्या चिठ्ठीवर उतरवलं आणि त्याला जा म्हटलं. काल त्याच्या ट्रॉलीत पाण्याचा भरलेला ड्रम होता, आज नव्हता. म्हणजे मी गाडी जड लिहिली आणि माल कमी. बाबांनी येताना तो ट्रॅक्टर रस्त्यात पाहिला होता, चिठ्ठीवर कालचंच वजन बघताच त्यांनी विचारलं, "ड्रम कुठी होता?" त्यांनी सायकल काढली, त्या माणसाच्या गावाला गेले, चूक सांगितली आणि ट्रॅक्टर परत आणून वजन घेतलं. मला एक शब्द बोलले नाहीत. पुढचे आठ दिवस मी वजन घेताना फक्त माझ्या मागे उभे राहायचे. रागावले असते, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते मागे उभं राहणं माझ्या पाठीत कायमचं रुतून बसलं.

लग्न गावातच झालं, त्यामुळे काटा सुटला नाही. दोन हजार सालानंतर दांडी गेली, कॉम्प्युटर आला आणि तो बाबांना जमेना, म्हणून माझी खुर्ची पक्की झाली. नव्या काट्यात सगळं होतं, फक्त बघण्यासारखं काही नव्हतं. आकडा माझ्या मॉनिटरवर आणि मॉनिटरचं तोंड माझ्याकडे. खिडकीत उभ्या माणसाला दिसायची मॉनिटरची पाठ आणि माझा चेहरा. माझ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवावा असं त्यात काही नाही, हे मला मान्य आहे.

आष्टीकडचा एक सोयाबीनवाला होता. दर हंगामात आमच्याकडेच यायचा आणि दर खेपेला कटकट करायचा. एकदा खिडकीच्या गजांतून नाक आत घालून म्हणाला, "ताई, तुमी आत काय पाहून राह्यल्या, आमाले काय समजते? पयले दांडी तरी दिसे."

मला राग आला, पण तो चूक बोलत नव्हता. मी दुसरा मॉनिटर घेतला, चपटे नुकतेच मिळू लागले होते. दोन्हीवर एकच चित्र दिसेल अशी वायर जोडून दुसरा खिडकीकडे तोंड करून टेबलावर ठेवला. आता नवीनच भानगड. आमच्या खोलीला काटा चिकटून. भरलेली गाडी चढली की टेबल थरथरायचं आणि टेबलाबरोबर मॉनिटर. थरथरत्या पडद्यावरचा आकडा बदलतोय असंच वाटतं. लोक म्हणू लागले, आकडा नाचतो. धरमकाट्यावर आकडा नाचतो ही बातमी पसरायला किती वेळ लागतो? दोन ट्रॅक्टर दुसऱ्या काट्याकडे वळताना मी माझ्या खिडकीतून बघितले. तेव्हा कळलं, आता पणाला लागलंय ते बाबांचं "बराबर हाय".

म्हणून नागपूर. आणि तिथून हात हलवत परत आल्यावर गावातला वेल्डिंगवाला. मी त्याला सांगितलं, टेबलाला शिवायचंच नाही. जमिनीत खड्डा घेऊन खांब पुरायचा, खांबाला दोन हात, हातांना बिजागरी, आणि भरलेला ट्रक चढला तरी पडदा हलता कामा नये.

तो म्हणाला, "ताई, याच्यावर टीव्ही टांगून राह्यल्या का म्हैस?"

मी म्हटलं, "तू पाईप जाड घे. पातळ लावशील तर मले समजते."

खरं म्हणजे मला ते समजत नव्हतं. खांब तयार होऊन आला तेव्हा मनात शंकेची पाल चुकचुकली की पाईप पातळच आहे, आणि मी काय करावं? तो सरळ धरमकाट्यावर ठेवला. आमचा काटा दहा-दहा किलोच्या टप्प्याने वजन दाखवायचा. त्याच्यावर खांब ठेवला काय न ठेवला काय. वेल्डिंगवाला पोट धरून हसला. मग मी काटा तपासायची शिक्क्याची वजनं काढली, वीस-वीस किलोची. खांब पुरून पक्का झाल्यावर दोन्ही हातांना एकेक वजन सुतळीने टांगलं, हात जिथे होते तिथे भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली आणि दिवसभर तसंच ठेवलं. संध्याकाळी डावा हात रेघेच्या बोटभर खाली आला होता.

"बिजागरी बसली," वेल्डिंगवाला म्हणाला. "आता नाई उतरत."

"काऊन नाई उतरत? आज बोटभर, पोळ्यापर्यंत वीतभर."

दोन्ही हातांच्या खाली त्याला तिरपे टेकू मारायला लावले. बाबांनी काम तपासलं. वेल्डिंगवर त्यांनी बोट फिरवलं, सगळ्या जोडांवरून, सावकाश, आणि म्हणाले, "चांगलं हाय." रेघेकडे बघितलंही नाही. मला वाटलं, जुन्या माणसांची पद्धत.

दुसऱ्या दिवशी वजनाच्या जागी मॉनिटर बसवले. कापसाचा ट्रक चढला, टेबल थरथरलं, चहाच्या कपात लाटा आल्या आणि पडदे जागचे हलले नाहीत. मला इतका आनंद झाला की मी वेल्डिंगवाल्याला दोनदा चहा पाजला. तेवढ्यात सोयाबीनवाला आला. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाहीरचा आमचा, आतला तुमचा. दोन्हीत एकच हाय हे कायच्यावरून?" याचं काय करायचं? मी माझ्या पडद्याचा हात बिजागरीवर फिरवून तो पडदाही खिडकीकडे अर्धा वळवला, म्हणजे खिडकीशी येणाऱ्याला दोन्ही एकदम दिसावेत. तेव्हापासून मी मान वाकडी करून काम करते. डॉक्टर सांगतात बसण्याची पद्धत सुधारा. सांगायला काय जातं?

आणि त्याच आठवड्यात बाबांनी आपली जागा बदलली. तोपर्यंत ते आत, माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसायचे. आता त्यांनी बाहेरचं बाकडं खिडकीसमोर ओढून घेतलं, दहा-बारा पावलांवर, बाहेरच्या पडद्याच्या बरोबर समोर. गाडी चढली की ते पडद्याकडे तोंड करायचे. शेतकरी विचारायचा, "काका, पाहा बरं." बाबा थोडं थांबायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय." शेतकरी मग चिठ्ठी घ्यायला खिडकीशी आला तरी पडद्याकडे बघतही नसे.

लोकांना हे फार आवडलं. मला नाही. माझ्या पाठीतलं ते जुनं काहीतरी पुन्हा जागं झालं. इतक्या वर्षांनी, दोन पडदे लावल्यावर, बाप बाहेर बसून माझा प्रत्येक आकडा तपासतो. घरी पेपर तसाच घडी न मोडता पडलेला असायचा, आई म्हणाली, वाचत का नाही, तर म्हणाले, "त्यात काय असते." मी मनात म्हटलं, दिवसभर माझे आकडे वाचल्यावर पेपर कोण वाचेल? मी त्यांच्याशी तुटक बोलू लागले. चहा बाहेर पाठवायचा तो कपबशी आपटून.

दिवाळीच्या आधीचे दिवस, सोयाबीनचा जोर. सकाळपासून गाड्या चढत-उतरत होत्या. सोयाबीनवाल्याचा ट्रॅक्टर चढला. तो मागे ताडपत्रीची दोरी आवळत होता, तिथूनच ओरडला, "काका, पाहा बरं."

बाबा पडद्याकडे बघत थोडं थांबले. "बराबर हाय."

मी चिठ्ठी लिहिली. तो चिठ्ठी घ्यायला खिडकीशी आला, सवयीने दोन्ही पडदे बघितले आणि तिथेच थांबला. "ताई, हा तं बंद हाय."

मी उठून बाहेर जाऊन बघितलं. बाहेरचा पडदा काळाभोर होता. सकाळपासूनच्या धक्क्यांनी वायर सैल झाली होती, कधी कोण जाणे. खांब हलला नव्हता, माझा सगळा संशय खांबावर होता आणि वायरचा मी विचारच केला नव्हता.

"काका तं म्हणे बराबर हाय," तो म्हणाला. मोठ्याने नाही. पण मागे दोन गाड्या उभ्या होत्या आणि त्यांचे ड्रायव्हर कान देऊन ऐकत होते.

बाबांचं नाव, इतक्या वर्षांचं, या एका माणसाच्या तोंडात होतं. मी बाकड्याजवळ गेले. बाबा अजून पडद्याच्याच दिशेला बघत होते. मी त्यांच्या समोर उभी राहिले तेव्हा त्यांनी मान वर केली, आणि मी अगदी जवळ आल्यावर त्यांची नजर माझ्यावर लागली. पेपर, पेन्सिलीची रेघ, बोटांनी तपासलेलं वेल्डिंग, सगळं मला तेव्हा, तिथे उभ्या उभ्या समजलं. ते आतली खुर्ची सोडून बाहेर आले, कारण आत बसून त्यांना काहीच दिसत नव्हतं. बाहेरही दिसत नव्हतं, पण बाहेर बसून माझ्या आकड्याला "बराबर हाय" म्हणता येत होतं.

"बाबा, पडदा बंद हाय," मी म्हटलं. "तुमाले दिसत नाई तं बराबर काऊन म्हनत होते?"

बाबांनी सोयाबीनवाल्याच्या दिशेला मान वळवली. मग माझ्याकडे.

"आत तू होती ना," ते म्हणाले.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आठ महिने मी या माणसावर कपबश्या आपटल्या होत्या. ते पहारा देत नव्हते, जामीन राहत होते, न बघता. आणि जिने ड्रमची घाण केली त्याच पोरीसाठी जामीन राहतोय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सोयाबीनवाला चिठ्ठी हातात धरून उभा होता. त्याने एकदा घसा खाकरला, आणि मला वाटलं आता हा बोलणार. तो म्हणाला, "राहू द्या ताई. काका म्हनते तं बराबरच असन."

"नाई," मी म्हटलं. "गाडी मागे घ्या. पुन्हा चढवा."

मी वायर आवळली. ट्रॅक्टर पुन्हा चढला. आकडा थांबल्यावर मी खुर्चीतून उठले, दारात येऊन उभी राहिले, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि बाकड्यापर्यंत ऐकू जाईल असा आकडा वाचला. तोच होता. बाबांनी ऐकला, थोडं थांबले आणि म्हणाले, "बराबर हाय."

पुढे वर्ध्याला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तोपर्यंत मी प्रत्येक गाडीचा आकडा असाच दारात उभी राहून वाचला. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना त्यातही काळंबेरं दिसलं. दोन-दोन पडदे असून ही बाई ओरडते कशाला, असं म्हणायचे. सोयाबीनवाल्याला माहीत होतं. तो रांगेत उभा राहून सगळ्यांना सांगायचा, "नवा नियम हाय काट्याचा. वाचूनच दाखवा लागते." आणि हे सांगताना माझ्याकडे अजिबात बघायचा नाही.