आई, पाणी किती दाखवतंय?

सून घर सोडून गेली, पण तिची बाग आमच्या सानपाड्याच्या गॅलरीत राहिली. बाग म्हणजे भिंतीला लावलेले पांढरे पाइप. पाइपांना भोकं, भोकांत जाळीचे पेले, पेल्यांत पालक आणि सॅलडचा पाला. माती कुठेच नाही. खालच्या टाकीतलं खताचं पाणी मोटार वर चढवते आणि ते मुळांवरून वाहत परत खाली येतं.

ती हे घेऊन आली तेव्हा मी म्हटलं होतं, "ही काय गं, सलाईनवरची भाजी?"

ती हसली. "हो आई. आणि पेशंट तुमच्यावर सोपवून मी ऑफिसला चालले."

तिनेच सगळं शिकवलं. पाण्याचा आंबटपणा मोजणारं पेनासारखं मीटर टाकीत बुडवायचं. सहाच्या आसपास आकडा आला की पाणी बरं. सातच्या वर गेला की आंबट औषधाचे थेंब घालायचे. खताच्या दोन बाटल्या, पण एकीत दुसरी थेट ओतायची नाही, दूध फाटल्यासारखं होतं. "सासू-सून आहेत त्या," ती म्हणायची, "मध्ये टाकीभर पाणी असलं की नीट नांदतात." चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. गॅलरीत तिच्याशी मात्र मी बोलायचे.

आमच्यात कधी फाटलं नाही. फाटलं ते तिच्यात आणि माझ्या मुलात. का, ते मला कुणी सांगितलं नाही.

गेल्यावरही सकाळी तिचा फोन यायचा. "आई, पाणी किती दाखवतंय?" मी आकडा सांगायचे. "मुळं पांढरी आहेत ना?" आहेत, म्हणायचे. मुलगा समोर चहा पीत असायचा. तू कशी आहेस, असं विचारता यायचं नाही. म्हणून मी विचारायचे, "तिकडे ऊन येतं का गं?"

"येतं, आई."

मुलगा म्हणायचा, "बंद कर ना ती मोटार. डोक्यात घरघर होते." मी ऐकलं नाही. मोटार थांबली तर ती फोन कशासाठी करेल?

मग बेलापूरला कोर्टात दोघांच्या सह्या झाल्या. मुलगा घरी येऊन न जेवता झोपला. मी टाकी धुतली, नवं पाणी भरलं, खत घातलं. फोन आला तर आकडा तयार हवा.

फोन काही दिवसांनी आला.

"काकू, पाणी किती दाखवतंय?"

मला वाटलं, मीच नीट ऐकलं नाही.

"हॅलो, काकू?"

शब्द अडखळला नाही. तिने तो आधी म्हणून पाहिला असेल.

"सहा," मी म्हटलं.

"आणि मुळं?"

"पांढरी."

मोटारीचा आवाज तिलाही ऐकू जात असेल. मग ती म्हणाली, "रविवारी माणूस पाठवते, सगळं घेऊन जाईल. तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला गं," एवढंच मला सुचलं.

रविवारी टेम्पोवाला आला. त्याने पाइप सोडवले. पेले मी पाण्याच्या बादलीत ठेवून दिले, मुळं सुकू नयेत म्हणून. मीटर पुसून डबीत घातलं आणि त्याला म्हटलं, "तिला सांग, शेवटपर्यंत पाणी सहा होतं."

"सांगतो ना, मावशी. पन कोनी सांगितलं म्हनून सांगू?"

मी दाराशी उभी राहिले. लिफ्ट आली, तो बादली घेऊन आत गेला. तरी मला सांगता आलं नाही.