वल्ह्याला लावलेला कान

माघातल्या कोवळ्या उन्हात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास दातिवऱ्याच्या वाटेवरच सामोरा येतो, आणि बोईसरहून रविवारी माहेरी निघालेली मी, पदार्थविज्ञान शिकवणारी पन्नाशीची बाई, त्या वासासरशी पुन्हा सात वर्षांची होते.

त्या वयात बा मला होडीतून खाडीत न्यायचा. भरतीच्या पाण्यावर होडी स्थिरावली की तो वल्हं पाण्यात उभं सोडायचा, दांड्याला कान लावून डोळे मिटायचा आणि घोळ माशांचा थवा कुठल्या अंगाला आहे ते हातानेच दाखवायचा. “बा, मासं बोलतात काय?” असं मी विचारलं, तेव्हा “तूच ऐक” म्हणत त्याने दांडा माझ्या कानाशी धरला, आणि त्या ओल्या, खारट लाकडातून खोल पाण्यातली गुरगुर माझ्यापर्यंत आली. घोळीच्या पोटात हवेची पिशवी असते, स्नायूंच्या थरथरीने ती नगाऱ्यासारखी घुमते, आणि पाणी व लाकूड तो नाद हवेपेक्षा कितीतरी वेगाने वाहून नेतात, हे पुढे पुस्तकांनी सांगितलं. पण पुस्तकाकडे मला वळवलं ते त्या वल्ह्याने. हे मी बाला कधीच सांगितलं नाही. आमच्या घरात असलं कुणी बोलून दाखवत नाही.

आता बाला ऐकू येत नाही. त्याच्या लहानपणापासून वाहणाऱ्या कानांचे पडदे गेले. मी हौसेने आणलेल्या, कानात घालायच्या यंत्राने कान पुन्हा वाहू लागले आणि ते यंत्र सुईदोऱ्याच्या डब्यात जाऊन पडलं. मग आम्ही ओरडू लागलो. ओरडणाऱ्या माणसाचा चेहरा रागावलेलाच दिसतो. बा हळूहळू गप्प झाला. सांगायचं ते राहूनच जाणार, अशी भीती मला वाटू लागली.

गेल्या रविवारी प्रयोगशाळेतला नादकाटा पिशवीत घालून नेला. वाजवून कानाशी धरला, तर बाने नुसती मान हलवली. काट्याची दांडी कानामागच्या हाडाला टेकवली मात्र, बाचे डोळे विस्फारले. पडदा गेला होता, पण आतली नस शाबूत होती; नाद हाडातून तिच्यापर्यंत पोचला होता. वर्षानुवर्षं वर्गात हाच प्रयोग करणाऱ्या मला तो घरी करावासा वाटला नव्हता, याची लाजच वाटली. हाडावर बसणारी यंत्रंही मिळतात; चौकशी करायचं मी मनाशी ठरवत होते, तोवर बा उठला होता.

त्याने पडवीच्या आढ्याला टांगलेलं वल्हं काढलं, दांडा कानामागे दाबून धरला आणि पातं माझ्याकडे केलं. मी ते हनुवटीखाली, गळ्याला घट्ट टेकवलं. “बा, तू मासं ऐकवलंस ना, म्हणून मी शिकले.”

बा डोळे मिटून बसला होता, होडीत बसायचा तसाच. ऐकू गेलं नसावं असं वाटून मी आवाज चढवला, तसा त्याचा हात वर झाला.

“वरडू नको गो. हलू बोल, मासं पलतील.”

ओहोटी लागेपर्यंत मी हळूच बोलत राहिले.